आन्थीचं प्रवाळ

४ ऑक्टोबर

आले एकदाची! काव्हाल्याच्या बंदरासमोर चौथा मजला, दोन गॅलऱ्या, स्वयंपाकघराला भलीमोठी खिडकी, आणि नवरा स्वतः बॅगा उचलून वर घेऊन आला. चाळिशी उलटल्यावर लग्न केलेल्या बाईला आणखी काय हवं? लेफ्तेरिस थासोस बेटाच्या फेरीबोटीवर इंजिन सांभाळतो. दिवाणखान्यात भिंतभर खाऱ्या पाण्याची टाकी आहे आणि तिच्यात दगडावर त्याच्या पहिल्या बायकोचं, आन्थीचं, प्रवाळ. आन्थी छातीच्या दुखण्याने गेली. प्रवाळाची बटणाएवढी जांभळी तोंडं मिटलेली आहेत, कडा करड्या पडल्यात. लेफ्तेरिस म्हणाला, मेरोपी, एवढं एक वाचव, बाकी सगळं घर तुझंच. मत्स्यपालन केंद्राच्या प्रयोगशाळेत पाणी तपासण्यात माझी उमर गेली. म्हटलं, हे तर डाव्या हातचं काम.

सासूबाई, किरा-स्मारो, दारातच उभ्या होत्या. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, ही तरी अंगाने बरी आहे, काही दिवस टिकेल. छान स्वागत झालं.

१३ ऑक्टोबर

पाणी तपासलं. खारटपणा ठीक, चुना ठीक, ऊब ठीक. दिवे फार प्रखर होते, ते मंद केले. पंपाचा झोत थेट दगडावर बसत होता, त्याचं तोंड काचेकडे वळवलं. प्रवाळाने काही दाद दिली नाही. मासे मात्र ठणठणीत आहेत, आणि गोगलगायी नि कोळंब्या पटापट मरताहेत. म्हणजे पाण्यात असं काहीतरी विष आहे, जे माशांना पचतं.

सासूबाई पावट्याच्या सुपाची तयारी करत होत्या. म्हणाल्या, सूनबाई, दिवसभर काचेला नाक लावून बसलात तर चूल कोण बघणार, त्या कोळंब्या? मी म्हटलं, आधी तुमच्या जिभेचा खारटपणा मोजते, तिथेच जास्त निघेल. लेफ्तेरिस हसला. जेवताना त्यांनी मला वाढलंच नाही.

२ नोव्हेंबर

सापडलं! काल पहिली तारीख, म्हणून चर्चचे पाद्री पापा-पान्तेलिस तुळशीची जुडी घेऊन घरोघर तीर्थ शिंपायला आले होते. सासूबाईंच्या तांब्याच्या वाटीत त्यांनी ताजं तीर्थ दिलं. आता आधीच्या महिन्याचं उरलेलं तीर्थ काही मोरीत ओतायचं नसतं. ते कुंडीत सोडायचं, नाहीतर समुद्रात. हे मलाही माहेरी शिकवलंय. पण आमच्या घरात कुंडी नाही. आज बघते तर बाई स्टुलावर चढून ते टाकीत ओतताहेत! महिनाभर कल्हई नसलेल्या तांब्यात राहिलेलं पाणी, चांगलं हिरवं झालेलं. तांबं माशांना चालतं, प्रवाळाला ते जहर.

मी ओरडले. त्या अजिबात दचकल्या नाहीत. म्हणाल्या, हाही समुद्रच की.

तपासणीची नळी निळीशार झाली. लेफ्तेरिसला दाखवली. त्याने सरळ वाटी उचलली आणि बंदरात भिरकावून दिली. सासूबाईंचा चेहरा बघून मला फार बरं वाटलं, खोटं कशाला लिहू?

२२ नोव्हेंबर

तांबं शोषून घेणारी गाळणी बसवली, पाणी बदलत राहिले. आज सगळी तोंडं उघडली! लेफ्तेरिसच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने माझ्या हाताचं चुंबन घेतलं, पाण्यात घालते त्याच हाताचं. माझ्यासाठी टाकीसमोर खुर्ची आणून ठेवली. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत, नुसत्या बघतात. घरात तेवढीच शांतता.

ओठांना मुंग्या येताहेत. हवा बदललीय, त्याचं असेल.

९ डिसेंबर

प्रवाळ दगड झाकून आता काचेवर चढलंय. मी मात्र जिने चढताना धापा टाकते. बोटं बधिर. डॉक्टर म्हणाले, थकवा. अशा प्रवाळाच्या चिकट स्रावात विष असतं हे मी जाणते, म्हणून हातमोज्यांशिवाय कधी हात घातलेला नाही. मग हे काय?

पहिल्या तारखेला पापा आले होते. लेफ्तेरिसने त्यांना दारातूनच वाटेला लावलं, घरात आजारी माणूस आहे म्हणून. तेव्हा मी आजारी नव्हते.

आज खुर्चीत बसले असताना एक गोष्ट दिसली. मी श्वास सोडला की ती तोंडं मिटतात, घेतला की उघडतात. मी श्वास रोखून धरला. सगळी तोंडं अर्धवट उघडी राहिली, तशीच थांबली. माझी वाट बघत.

१९ डिसेंबर

सासूबाई अखेर बोलल्या. लेफ्तेरिस आंघोळीला गेला होता तेव्हा माझ्या पलंगाशी येऊन बसल्या. म्हणाल्या, मूर्ख बाई, आन्थीनेही मला असंच पकडलं होतं. तिनेही वाटी काढून घेतली. मग ते फुललं आणि ती वाळत गेली. मी एकदा टाकीवर हातोडा उगारला, तर इकडे आन्थीच छाती धरून खाली बसली. नुसतं तांबं घातलं, उपयोग नाही. नुसतं तीर्थ घातलं, तेही नाही. दोन्ही मिळून गेलं की ते कोमेजतं आणि घरातली बाई जगते.

मी विचारलं, मग मला आधी का नाही सांगितलंत? म्हणाल्या, ऐकलं असतंस? तुला वाटलं असतं, म्हातारी तुला घरातून हाकलायला बघतेय.

खरंच तसंच वाटलं असतं. मला रडू आलं. त्यांनी डोळे पुसून नाही, चांगली थोबाडीत मारून ते थांबवलं. म्हणाल्या, रडण्यात श्वास घालवू नकोस, जानेवारीत पापा पहिलीला नाही, क्रूसाच्या सणाच्या आदल्या दिवशी, पाच तारखेला येतील, तेव्हा तांब्याचं भांडं तयार ठेव.

न्हाणीघराचं दार उघडंच होतं.

२० डिसेंबर

त्याने आईला द्रामा गावच्या बसमध्ये बसवलं, तिच्या बहिणीकडे. जिना उतरताना त्या मला शिव्या घालत होत्या, ऊठ म्हणून, अगं ऊठ म्हणून. त्याने दार लावून घेतलं.

२७ डिसेंबर

पळून जायला निघाले. दुसऱ्या मजल्यापर्यंतच पोचले. श्वास संपला. रांगत परत वर आले. टाकीजवळ आल्यावर श्वास आला.

लेफ्तेरिसने मला कुराबिए, नाताळची पिठीसाखरेची बिस्किटं, भरवली, तोंडाला लागलेली साखर पुसली. किती प्रेमाने. ह्याने माझ्याशी लग्न का केलं, ते आता कळलं: त्या टाकीला श्वास पुरवायला. मला त्याची किळस येते.

३ जानेवारी

ओट्याच्या मागे सापडलं — कॉफीचं जुनं तांब्याचं भांडं. कल्हई पार उडालेली. उशीखाली ठेवलंय. दोन दिवस. फक्त दोन दिवस काढायचे.

५ जानेवारी

पापा आले. मी भिंत धरत दारापर्यंत गेले. भांडं पुढे केलं. त्यांनी काठोकाठ भरलं —

लेफ्तेरिसने ते माझ्या हातातून घेतलं. हळूच. छातीवर क्रूस काढला आणि गटागटा पिऊन टाकलं. शेवटचा थेंबसुद्धा. वर बोट फिरवून भांडं चाटलं.

पापा गहिवरले. असा श्रद्धाळू माणूस हल्ली बघायला मिळत नाही म्हणाले. मला म्हणाले, बाई, नशीब काढलंस.

मला ओरडायचं होतं. ओरडायला श्वास लागतो —

६ जानेवारी

घंटा वाजताहेत. सगळं गाव धक्क्यावर, क्रूस पाण्यात टाकताना बघायला. तो नाही गेला. मला खुर्चीत बसवलं. हातमोजे काढले. म्हणाला, हात आत ठेव, बरं वाटेल

बरं वाटतंय. तेच तर —

फोनवर बोलतोय. कोणी बाई, वोलोसची. तिला विचारतोय, खाऱ्या पाण्यातलं काही कळतं का. हसतोय. घर मोठं आहे, म्हणतो. आई नसते इथे

सासूबाई, किरा-स्मारो, तिला कोणी सां

हात बाहेर येत नाही. डाव्याने लिहितेय. मी श्वास घेत नाहीये, तरी छाती वर खाली — ती तोंडं उघडली की वर, मिटली की —

आता मिटताहेत. सगळी. एकदम. उघडा ना उघडा उघ