जामनेर रोडची केबल

३ जून, मंगळवार
जामनेर रोडला केळीच्या कोल्ड स्टोरेजची केबल टेस्ट केली. टॅन डेल्टा मागच्या वर्षीच्या तिप्पट. म्हणजे लोड नसतानाही केबलचं इन्सुलेशनच वीज खातंय, आतून तापतंय. माझ्यासोबत रीडिंग घेणारी पुनम म्हणाली, जॉइंटमध्ये पाणी शिरलंय, नवलभाऊ, पास करू नका. मी म्हटलं, वरवरचा दमटपणा आहे, उद्या टोकं पुसून पाहू. माझ्या शांतपणाने भारावलेली दिसली. भाऊ म्हणते खरी, पण खान्देशात सगळ्यांनाच भाऊ म्हणतात. या महिन्यात लग्नाचं विचारायचं. नक्की.

४ जून
टोकं पुसली. रीडिंग आणखी वाढलं. मशीन जुनं झालंय. 'ठीक' लिहून दिलं. पुनमने सही केली नाही. माझी एकट्याची पुरे. बारा वर्षांचा अनुभव आहे.

१९ जून, दुपारी
जॉइंट फुटला. केबल जोडणारे आमचे जॉइंटर झुलालनाना जॉइंटच्या खड्ड्यापाशीच होते. उजवा हात भाजला. गाडीत घालताना मलाच विचारत होते, "तू बरा शे ना, भाऊ?"
साहेबांनी विचारलं, केबल पास कुणी केली? म्हटलं, टीमने. खोटं नाही. सोमवारी सविस्तर सांगेन.

२३ जून, सोमवार
साहेब घाईत होते.

३० जून
पुनम नोकरीवर नाही. साहेबांनीच काढलं असणार. टीम म्हणजे ती, असा समज झाला असणार. मी खरं सांगितलं की तिला परत बोलावतील. मग ती मला जन्मभर विसरणार नाही. उद्याच सांगतो.

६ जुलै, रविवार
तिला धुळ्यात काम मिळालंय. समजवायला निघालो. पारोळ्याला बस थांबली तेव्हा वाटलं, आधी साहेबांना सांगून मग गेलेलं जास्त शोभेल. तिथूनच परत.

१४ जुलै
सांगितलं. साहेब म्हणाले, कागदावर सही तुझ्या एकट्याचीच आहे, पहिल्या दिवशीच पाहिली. तू कधी बोलतोस याची वाट बघत होतो. पुनमला कुणी काढलं नाही. दोनदा थांब म्हटलं, पण तिला तुझ्यासोबत काम करायचं नव्हतं. उद्यापासून येऊ नकोस.
पुनमला फोन केला. सगळं सांगितलं, माफी मागितली. तिने मध्येच तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "नानांना भेटलात?"
म्हटलं, या रविवारी जाणारच आहे.
म्हणाली, "शुक्रवारी त्यांची दोन बोटं काढली."
दवाखाना माझ्या घरामागच्या गल्लीत आहे.