चेरीचा कागदी बहर

६ नोव्हेंबर १९४४, पोट्सडाम
अखेर लोकांचे डोळे उघडले. आमचे डायरेक्टर मूत्रपिंडाच्या उपचाराला तिरोलच्या डोंगरात गेले होते. तिथून त्यांनी कळवलंय की युद्ध संपेपर्यंत मूत्रपिंड बरं होणार नाही. सिनेमा आता माझ्याकडे! अठरा वर्षं असिस्टंट होतो. ती अठरा वर्षं त्यांनी वाया घालवली, मी नाही.

गोष्ट साधी. गिरणीवाल्याची एकोणीस वर्षांची मुलगी, गावाबाहेर गेलेला प्रियकर, शेवटी फुललेल्या चेरीखाली भेट. युद्धाचं नावही नको, अशी प्रचार मंत्रालयाची सूचना. मुलगी म्हणजे व्हिल्मा शार्फ, वय त्रेचाळीस. दिवे बेताचे ठेवले की चालतं.

संकल्प: सिनेमा फेब्रुवारीत हातावेगळा करायचा. सिगरेट बंद. रोज रोजनिशी लिहायची.

नवं टेबल मिळालंय, खास लिहायला. वरच्या मजल्यावरच्या ब्लुमेनथाल या ज्यू मंडळींचं. बेचाळीसमध्ये ती घाईघाईने कुठेशी गेली, सामान लिलावात निघालं. अस्सल अक्रोड. त्यांनी नंतर साधं पत्रही टाकलं नाही. माणसं विसरतात.

९ नोव्हेंबर
तीन सिगरेटी. पण तिन्ही दुसऱ्यांच्या.

शॉट: शून्य. कॅमेरामन एवाल्ड हासे म्हणाला, कालच्या शॉटमध्ये ढग होता, आज नाही, जुळायचं नाही. ढगाची वाट पाहिली. दुपारी ढग आला, तर म्हणे हा तो ढग नव्हे. माणूस गुणी, पण गोगलगाय.

१८ नोव्हेंबर
मंगळवारी व्हिल्माबाईंचा घसा बसला. बुधवारी फ्यूज उडाला. गुरुवारी निगेटिव्हवर ओरखडा सापडला, बरोबर एवाल्डच्या नखाएवढा. बारा दिवसांत चार शॉट. तरी युनिटमध्ये कोणाच्या कपाळाला आठी नाही. इतकं आनंदी युनिट मी जन्मात पाहिलं नव्हतं. वरचा माणूस चांगला असला की हे असं होतं.

ऑफिसातून नवी कार्डं आली. सिनेमा चालू आहे तोवर युनिटमधला प्रत्येक जण 'अत्यावश्यक', त्याला लढाईवर धाडता येत नाही. सिनेमा संपला की कार्ड परत करायचं. एवाल्डने कार्ड छातीच्या खिशात ठेवून वरून दोनदा थोपटलं. त्याचे दोन्ही मुलगे रशियात मारले गेले. आता घरात तो आणि त्याची बायको, दोघंच. पण कागदाच्या तुकड्याचं एवढं कौतुक? मला कोणी अत्यावश्यक म्हणायला शिक्का लागत नाही.

३ डिसेंबर
मेजवानीचा सीन. केक, हॅम, सॉसेज, सगळं खरं, मंत्रालयाकडून खास आलेलं. गर्दीसाठी आणलेली माणसं दुसऱ्या रिहर्सललाच अर्धा केक फस्त करून मोकळी झाली. कडक उपाय केला. उरलेल्या पदार्थांवर जंतुनाशक फवारलं आणि तशी पाटी लावली. नंतर कोणी बोटही लावलं नाही.

संध्याकाळी पोटात मुरडा. हॅमच्या खालच्या बाजूला फवारा पोचला नसेल असं वाटलं होतं.

१९ डिसेंबर
एवाल्डने मुद्दा काढला की शेवटच्या शॉटला खरी फुललेली चेरी पाहिजे. म्हणजे वेर्डरच्या बागा, म्हणजे एप्रिलची अखेर. तोवर सगळ्यांनी तिथल्या खाणावळीत मुक्काम ठोकावा. सगळं युनिट एका सुरात हो म्हणालं. दिवेवाले सुद्धा, ज्यांना आजवर कलेशी देणंघेणं नव्हतं.

घरी ओटिलीला सांगितलं. ती बटाटे सोलत होती, मान वर न करता म्हणाली, "अहो, मग थांबा की एप्रिलपर्यंत. कोण मागे लागलंय तुमच्या?" चोवीस वर्षांच्या संसारात हिला माझी महत्त्वाकांक्षा कळली नाही.

८ जानेवारी १९४५
कल्पना सुचली! हवाई हल्ल्याचा भोंगा झाला, तळघरात बसलो होतो, तेव्हा. कागदी फुलं! कागद कुठे मिळत नाही, पण स्टुडिओच्या गोदामात विजयाच्या पोस्टरांचे गठ्ठे पडून आहेत. चिकटवायला भिंतीच उरल्या नाहीत. पाठची बाजू पांढरी शुभ्र. कपडेपटातल्या बायकांना कात्र्या देऊन बसवलं. चार हजार फुलं. एप्रिलची गरज नाही!

युनिटला सांगितलं. कोणी टाळी वाजवली नाही. भारावले असावेत.

नंतर एवाल्ड एकटा आला. टोपी हातात. म्हणाला, "साहेब, सिनेमा संपला की आपण संपलो."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, एवाल्ड, मोठी कलाकृती संपताना प्रत्येक कलावंताला असंच रितं वाटतं. त्याने टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाला, "तुम्हाला खरंच कळत नाही, की कळून घ्यायचं नाही?"

उद्धटपणा. पण मी मनाला लावून घेतलं नाही. सिगरेट: सात.

११ फेब्रुवारी
संपला! फेब्रुवारीत म्हणालो, फेब्रुवारीत केला. शेवटचा शॉट पहिल्याच टेकला ओके. व्हिल्माबाई कागदी चेरीखाली खरंखुरं रडल्या, स्क्रिप्टमध्ये नसताना. एवाल्डने कॅमेऱ्यावर कापड घातलं आणि माझ्याशी न बोलता निघून गेला. युनिटला पार्टी द्यायचं ठरवलं होतं, कोणी थांबलं नाही.

प्रीमियरला कोणता सूट घालावा? थिएटरं बहुतेक पडलीत, पण एखादं असेलच.

२० फेब्रुवारी
मंत्रालयातून डॉ. ट्रुमलर प्रिंट बघायला आले. मेजवानीपर्यंत गप्प होते. चेरीच्या शॉटला रीळ थांबवायला लावलं. पडद्याजवळ गेले, व्हिल्माबाईंच्या डोक्यावरच्या फुलावर बोट ठेवलं. पाकळी जराशी उलटली होती. आत पोस्टरची लाल अक्षरं.

"विजयाचे तुकडे कोणी केले?" त्यांनी विचारलं.

मी सगळं नीट समजावून सांगितलं. पाठची बाजू, भिंती उरल्या नसल्याचं, सगळं. भिंतींचं सांगायला नको होतं बहुधा.

सिनेमा कपाटात. कार्डं जमा. सगळ्यांची. माझं सुद्धा, पण ती चूक आहे, उद्या अर्ज करतो.

५ मार्च
अर्जाला उत्तर नाही. एवाल्डला नोटीस आली, ओडर नदीवरच्या आघाडीवर. वय सत्तावन्न. स्टेशनवर जाणार होतो, पण सर्दी. दुपारपर्यंत सर्दी गेली, तोवर गाडीही गेली होती.

९ एप्रिल
एवाल्डची बायको दारात आली. आत ये म्हटलं, आली नाही. एवाल्ड गेला. पोचल्यापासून तिसऱ्या दिवशी. रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "वेर्डरला खोली घेणार होतो आम्ही. चेरीपर्यंत." आणि जिना उतरून गेली. मी टेबलापाशी येऊन बसलो. फेब्रुवारीची मुदत तशी मंत्रालयानेही ठरवली नव्हती. मीच ठरवली होती.



२३ एप्रिल, वेर्डर
मला इथेच पाठवलंय. बागेच्या कडेला खंदक, आम्ही अकरा म्हातारे. अंगावर स्टुडिओच्या कपडेपटातला कोट, दीडशे वर्षांपूर्वीच्या लढाईचा. बटणं छान आहेत. बंदुका चार. माझ्या वाट्याला फावडं. पलीकडे तोफा कालपासून थांबलेल्या नाहीत, जवळ येतायत. सिगरेट: शून्य. संकल्प एक तरी पार पडला, मिळतच नाहीत.

पहाटे चेरी फुलली. एका रात्रीत सगळी बाग पांढरी. खाणावळ समोरच आहे, रिकामी. आज इथे आमचं युनिट असतं. व्हिल्माबाईंचा घसा बसला असता, दिवेवाल्यांचा फ्यूज उडाला असता. एक शॉट, फार तर दोन.

उजेड सुरेख आहे. आभाळ निरभ्र. एवाल्ड असता तर कार्डावर हात ठेवून म्हणाला असता, साहेब, ढग येऊ द्या, घाई कसली.