ज्याला काही मिळत नाही, त्याची सही

चौदा नंबरची बस चौकात येऊन थांबली आणि तिच्या पुढच्या काचेमागे माझे वडील दिसले, तिथे माझं सगळं बदललं. मी त्या वेळी रस्त्यावर मांडी घालून बसलो होतो. एका हातात ‘आम्हालाही लग्नाचा हक्क द्या’ असा फलक होता आणि दुसऱ्या हातात एका मुलाचा हात. फलक खाली ठेवता आला असता, हातही सोडता आला असता. मी दोन्ही धरून ठेवलं. मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण पुढचं सगळं त्यातूनच निघालेलं आहे.

तर मी, वय बावीस पूर्ण, शिक्षण कॉलेजच्या तिसऱ्या वर्षापर्यंत (अर्धवट), व्यवसाय फोटो व आरसे फ्रेम करणे, असं लिहून ठेवतो की माझी प्रकृती ठणठणीत आहे, डोकं ठिकाणावर आहे आणि मानगुटीवर कोणी बसलेलं नाही. रागात आहे का असं कोणी विचारलं तर आहे. पण राग म्हणजे वेड नव्हे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. या वयात कोण करतं?

मी का करतोय ते सांगतो. त्याच दुपारी ढकलाढकलीत लोखंडी कठडा माझ्या डोक्यावर आला आणि मी आडवा झालो. ज्याचा हात माझ्या हातात होता त्यानेच मला दवाखान्यात नेलं. खिडकीतल्या बाईंनी त्याला विचारलं, पेशंटचं नातं काय. तो म्हणाला, मित्र. मित्रांनी बाहेर थांबायचं असतं, म्हणून तो चार तास जिन्यात बसला. शेवटी ताई आली आणि तिची सही चालली. ताईला माझा रक्तगट माहीत नव्हता. तो तिने जिन्यात जाऊन त्याला विचारला.

उद्या शनिवारी पुन्हा मोर्चा आहे, थेट कायदेमंडळाच्या फाटकापर्यंत. परवानगी नाकारली आहे. मी जाणार आहे.

कोर्टाबाहेर बसणारे एक म्हातारे टायपिस्ट आहेत, त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, मृत्युपत्र दवाखान्यात चालत नाही, ते माणूस मेल्यावरच चालतं. म्हणजे त्याला आत सोडायला मला आधी मरावं लागेल. हरकत नाही. निदान मेल्यावर तरी त्याला कोणी जिन्यात बसवू नये. टायपिस्टांनी माझा सगळा मजकूर अर्ध्या पानात बसवून दिला. तो मी घरी येऊन फाडला आणि आता हाताने लिहितोय. मात्र त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या त्या पाळणार आहे. एक, साक्षीदार दोन लागतात, आणि ज्याला या कागदातून काही मिळतं त्याची सही घ्यायची नाही. दुसरी गोष्ट त्यांनी चष्मा काढून सांगितली. “वडील आहेत ना तुमचे? उद्या ते येऊन म्हणू शकतात की पोराचं डोकं फिरलं होतं. तेव्हा सही कुणाची घेता ते बघा.”

पहिलं कलम. माझं जे काही आहे ते माझ्या मित्राला मिळावं. (मित्र हाच शब्द घाला, न्यायाधीश बिथरत नाहीत, हा टायपिस्टांचा सल्ला.) हा मित्र लिफ्ट दुरुस्त करतो. यापुढे त्याचा उल्लेख ‘सावकाश’ असा करतो, कारण त्याच्या तोंडून मी पहिला शब्द तोच ऐकला. आमच्या दुकानाच्या इमारतीत मी एका मोठ्या आरशासकट लिफ्टमध्ये अडकलो होतो. मी दारावर लाथा घालत होतो. वरून आवाज आला, “सावकाश. आरसा फुटेल.” मी ओरडलो, आरसा गेला खड्ड्यात, आधी मला बाहेर काढा. तो म्हणाला, “तुम्हाला काढतोच आहे, पण आरसा कुणाचा तरी असेल ना.” दोन तास तो वरून बोलत होता आणि मी आरशात स्वतःचं लाल तोंड बघत होतो. त्याचा चेहरा दिसला तेव्हा उशीर झालेला होता; मी आवाजावरच भाळलो होतो.

दुसरं कलम, वस्तू. गादी, पंखा, दोन पातेली, रेडिओ, बँकेत असेल नसेल ते. भिंतीवरची रिकामी फ्रेम त्याने नीट सांभाळावी. दुकानात मी दिवसभर लोकांच्या लग्नाचे फोटो काचेखाली बसवतो, आजवर काही शे जोडपी मी काटकोनात बसवली असतील. ही एक उरलेल्या पट्ट्यांतून आमच्यासाठी केली होती. कोपरे जुळलेले आहेत. फोटो कायद्यावर अडलाय.

तिसरं कलम, माझा देह. त्याचं काय करायचं, कुठे न्यायचा, कोणाला बोलवायचं, हे सगळं सावकाश ठरवेल. खोलीच्या आत तो असेल. बाकीच्यांनी त्याला विचारून यावं. या कागदातलं बाकी सगळं बुडालं तरी चालेल, पण हे कलम बुडता कामा नये.

चौथं कलम, पत्रं. मी त्याला एकेचाळीस पत्रं लिहिली. एकाच शहरात राहून, आणि बऱ्याचदा त्याच दिवशी संध्याकाळी भेटणार असताना. त्याने मला दोन लिहिली. त्यातलं एक सुट्या भागांच्या यादीच्या मागे आहे आणि त्यात एवढंच आहे की उशीर होईल, जेवून घे. ती दोन माझ्याबरोबर जावीत. माझी एकेचाळीस त्याने वाटल्यास रद्दीत द्यावीत. नाही, देऊ नयेत.

पाचवं कलम. कॉलेजची माझी सगळी पुस्तकं आमच्या समाजशास्त्राच्या सरांना द्यावीत. ‘असले लोक’ हा आजार आहे की सवय, यावर त्यांनी अर्धा तास घेतला होता. मी उठलो, पाठीवर बॅग टाकली आणि निघालो. ते म्हणाले, हजेरी जाईल. गेली. पुन्हा त्या इमारतीत पाय ठेवलेला नाही. पुस्तकं कोरी करकरीत आहेत, त्यांनी ती वाचावीत.

सहावं कलम. ताईला रेडिओ. (दुसऱ्या कलमातून तो वगळावा.) तिने त्या दिवशी सावकाशला जिन्यातून उठवून चहा पाजला. दाजींना माझी मोर्चातली शिट्टी. जेवताना माझ्या ताटाकडे बघत ते म्हणाले होते की हल्ली ही फॅशन आहे, दोन वर्षांत उतरेल. दोन वर्षं होऊन गेली. शिट्टी रोज सकाळी एकदा वाजवावी.

सातवं कलम. काच कापायची हिरकणी आमच्या दुकानाच्या मालकांना.

आठवं कलम, वडील. इथे मी आधी ‘वडिलांना काहीही नाही’ असं लिहिलं होतं आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या. ते पान फाडलं. खरं तेवढं लिहितो. त्या दिवशी बसमधले लोक ओरडत होते, हॉर्न मारा, यांना उठवा. एक बाई तर म्हणाली, डोक्यावरून घाला गाडी. बाबांनी इंजिन बंद केलं, हात मांडीवर ठेवले आणि पोलिसांनी आम्हाला उचलेपर्यंत समोर बघत बसून राहिले. एकदाही हॉर्न वाजला नाही. पण त्यानंतर ते माझ्याशी बोललेही नाहीत, आज पाच आठवडे झाले. घरातून मला त्यांनी काढलेलं नाही. चार दिवस ती शांतता ऐकून मीच सामान उचललं. आई गेली तेव्हा मी सातवीत होतो. पहाटेची गाडी काढायच्या आधी ताईच्या वेण्या बाबा घालायचे, भांग कायम वाकडा. मला सायकल त्यांनीच शिकवली, गणवेशात, मागून पळत. सायकल त्यांची होती, मी वापरतोय. ती त्यांना परत द्यावी.

एवढं काल रात्री लिहून झालं. आता शनिवार सकाळ, आणि पुढची दुरुस्ती साक्षीदारांच्या देखत लिहितोय.

मालक नऊला आले. त्यांना सातवं कलम वाचून दाखवलं आणि म्हटलं, तुमचं नाव काढावं लागेल, नाहीतर तुमची सही चालणार नाही. ते म्हणाले, “हिरकणी माझीच आहे रे. तू दुकानातून उचलून आणलीस. माझीच वस्तू मला देतोस आणि वर उपकार?” म्हणून सातवं कलम रद्द. हिरकणी त्यांच्या खिशात गेली आहे.

दुसरी सही वरच्या मजल्यावरच्या बाई करणार होत्या. त्यांनी पहिलं कलम वाचलं आणि आपल्याला गुडघेदुखीमुळे सही जमणार नाही असं कळवलं. मी जरा मोठ्याने बोललो. मालकांनी दार लावून घेतलं. दहाला मोर्चा निघणार, साडेनऊ झालेले, आणि साक्षीदार एकच. मी म्हटलं, राहू दे, असाच जातो. मालक म्हणाले, बिनसहीचा कागद म्हणजे फ्रेम आहे आणि काच नाही. तेवढ्यात दार वाजलं.

बाबा होते. पहाटेची पाळी संपवून आलेले, गणवेशातच. या खोलीत ते पहिल्यांदाच येत होते. ताईने या कागदाचं सांगितलं म्हणाले, आणि हात पुढे केला. मला वाटलं माझा हात मागताहेत. त्यांना कागद हवा होता.

त्यांनी तो उभ्यानेच वाचला, ओळीखाली बोट फिरवत. मालकांनी खुर्ची पुढे केली ती त्यांनी घेतली नाही. दाजींच्या कलमाला त्यांच्या नाकातून थोडा आवाज आला. सगळं वाचून ते परत पहिल्या कलमावर आले.

“इथे मित्र लिहिलंयस.”

मी टायपिस्टांचा सल्ला सांगितला.

“दवाखान्यातल्या खिडकीत चालला का मित्र?”

“नाही.”

“मग इथे कसा चालेल? बदल.”

मी विचारलं, काय लिहू. ते म्हणाले, “मला काय विचारतोस? लग्न तुला करायचंय.”

मालक खिडकीतून बाहेर बघायला लागले. मी खाली बसून पहिल्या कलमातलं ‘माझ्या मित्राला’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘ज्याच्याशी मला लग्न करायचं आहे त्याला’. माझं अक्षर एरवीही वाईट आहे, तिथे जास्त आहे. ती खाडाखोड माझीच आहे, हातही माझाच आहे, याची नोंद घ्यावी.

मग त्यांनी आठव्या कलमावर बोट ठेवलं. “सायकल मला ठेवलीयस. म्हणजे माझी सही चालणार नाही?”

मी म्हटलं, ज्याला काही मिळतं त्याची चालत नाही. आणि हेही सांगितलं की तुम्ही सही केलीत तर उद्या हा कागद खोटा आहे असं तुम्हाला म्हणता येणार नाही. तिसरं कलमसुद्धा. माझा देह त्याच्या ताब्यात जाईल. तुम्हाला त्याला विचारून आत यावं लागेल.

त्यांनी तिसऱ्या कलमाखालून पुन्हा बोट फिरवलं. मालकांनी घड्याळ बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी हात खिशात घातले.

“तो नाही म्हणेल का मला?” बाबांनी विचारलं.

“अडवणार नाही.”

“बरं,” ते म्हणाले. “सायकल खोड.”

म्हणून आठवं कलम रद्द. बाबांना या कागदातून काहीही मिळत नाही. सायकल सावकाशकडे जाईल. तिचा मागचा ब्रेक लागत नाही हे त्याला सांगून ठेवावं, असं बाबांनी आत्ता लिहायला लावलं.

वरचा सगळा मजकूर दोघांनी वाचला. मी त्यांच्या देखत सही केली आणि त्यांनी माझ्या देखत केली.

मृत्युपत्र करणारा: (सही)

साक्षीदार पहिले: फ्रेमच्या दुकानाचे मालक. (सही)

साक्षीदार दुसरे: चौदा नंबरचे ड्रायव्हर, सही करणाऱ्याचे वडील. (सही)

ठिकाण: रस्त्याकडची खोली, दुसरा मजला.
तारीख: एकोणीस, शनिवार, सकाळी दहाला पाच कमी.

सह्यांनंतर लिहिलेलं कायद्यात धरत नाहीत, तरी लिहितो. मालक कागद घेऊन दुकानात गेले, तिथल्या कपाटात तो राहील. हे वेगळ्या चिठ्ठीवर आहे. सावकाश खाली फलक घेऊन उभा आहे. मी बाबांना विचारलं, खाली येता का, त्याला भेटाल. ते म्हणाले, पहाटे तीनला उठलोय, जरा पाठ टेकतो, संध्याकाळी दोघे जेवायलाच या. मग माझ्या गादीवर बूट न काढताच आडवे झाले आणि ही ओळ लिहीपर्यंत त्यांना झोप लागलीसुद्धा. बूट मी काढून ठेवले. पंखा लावला. आता निघतो. दार आपटलं की त्यांना जाग येईल, म्हणून कडी हातात धरून ते हळूच ओढून घेतो.