हिरव्या वहीतलं पान

बिश्केक,
२ एप्रिल

ती. तायके यांस,
तुमच्या बहिणीची मुलगी, भाची अकिलाय हिचा सलाम. वि. वि.

फोनवर माझा आवाज चढला असता, म्हणून हे पत्र लिहून टॅक्सीवाल्या सुयुनबेककडे दिलं आहे.

काल तुम्ही हसत सांगितलंत, की संगणक रुसला आहे, एकही फाइल उघडत नाही आणि पडद्यावर कोणीतरी पैसे मागतं आहे. तायके, तो रुसलेला नाही, लुटला गेला आहे. आपल्या घराण्याच्या पिढ्या तोंडपाठ सांगणाऱ्या अकरा माणसांचे आवाज त्यात होते. त्यांतली पाच आता हयात नाहीत. पैसे मुळीच भरू नका. भरले तरी चोर किल्ली देतीलच असं नाही.

आवाज लिहून काढायला तुम्हाला किर्गिझ अक्षरं हवी होती. रशियन कीबोर्डवर आपली तीन अक्षरं नाहीत, हे खरं. पण ती संगणकातच होती. सेटिंगमध्ये जाऊन किर्गिझ भाषा जोडायची, दोन मिनिटांचं काम. त्याऐवजी तुम्ही इंटरनेटवर शोधलंत आणि सगळ्यात वर आलं ते दाबलंत. वरची जागा विकत मिळते. शेजारी बारीक अक्षरांत ‘जाहिरात’ असं लिहिलेलंही असतं. तुम्ही फोनवर पत्ता वाचून दाखवलेलं पान मी कार्यालयातल्या चाचणीच्या संगणकावर उघडलं. डाउनलोडची चार हिरवी बटणं, चारही खोटी. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. आणि वर सूचना, की आधी अँटीव्हायरस बंद करा! साध्या कीबोर्डसाठी! बाजारात मांस घेताना तुम्ही खाटकाला मेंढी कोणाची, कुठे चरली, कधी कापली, असे दहा प्रश्न विचारता. इथे एकही सुचला नाही?

रेकॉर्डरचं कार्ड काढून माझ्याकडे पाठवा. त्यावर नवीन काहीही घेऊ नका. संगणकाला हात लावू नका.

रागावले आहे, तरी तुमचीच,
अकिलाय


अत-बाशी,
५ एप्रिल

चि. अकिलाय हिस,
तायकेचे अ. आ.

तुझ्या तायजेनेमामीने पत्र मोठ्याने वाचलं आणि विचारलं, की ही भाची आहे की फौजदार. मी म्हटलं, आईवर गेली आहे.

आता माझंही ऐक. खाटकाला मी दहा प्रश्न विचारतो, कारण मला मांस कळतं. ज्यातलं कळत नाही, त्यात कळणाऱ्या माणसाचं ऐकतो. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, तेव्हा लिहून ठेवायची सवय आहे. गेल्या वर्षी नोरूझच्या सणाला तू आलीस, संगणक लावून दिलास आणि लिहिण्याचं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून घातलंस. मी शेजारी बसून हिरव्या वहीत उतरवून घेतलं. जसंच्या तसं देतो: एक, अँटीव्हायरस बंद करणे. दोन, लाल इशारा आला तरी घाबरू नये, ‘तरीही चालवा’ दाबणे. तीन, संगणक पुन्हा सुरू करणे.

मी तुला विचारलंही होतं, की चोर येतील म्हणून कुत्रा पाळायचा आणि पाहुणा आला की बांधून ठेवायचा, हे कसं. तू मान वर न करता म्हणालीस, की सगळेच असं करतात, तायके. मग मीही केलं. यात एक शब्द खोटा असेल तर दाखव.

फाइल संगणकात गेली की मी कार्ड मोकळं करत असे. ते सुक्या दह्याच्या कुरुतच्या पिशवीत घालून पाठवतो आहे. कुरुत खा, कार्ड खाऊ नकोस. अकरांतला नववा आवाज तुझ्या आईचा आहे, शेवटच्या आजारपणात घेतलेला. तू मागितला नाहीस, म्हणून मी विषय काढला नाही. मागणं तुला जमतच नाही. आपली रीतच आहे, भाचीने तायकेच्या घरातून हवं ते न्यावं, नाही म्हणायची आमची छाती नाही. एकोणतीस वर्षांत तू मेंढरू सोड, एक चमचाही नेला नाहीस.

तुझ्या बोलण्याचा राग आला आहे. पण घरी ये.
तुझा तायके,
इस्मानअली


बिश्केक,
११ एप्रिल

ती. तायके यांस,
सलाम. वि. वि.

एकही शब्द खोटा नाही. ते सॉफ्टवेअर चोरीचं होतं. इथे ते पेन ड्राइव्हवरून घरोघरी फिरतं, आणि दर वेळी आधी अँटीव्हायरस बंद करावा लागतो, म्हणून कोणाला त्याचं काही वाटेनासं झालं आहे. कार्यालयात लोकांनी हे करू नये याचाच मला पगार मिळतो. तुमच्या घरी मला घाई होती. पहिल्या पत्रातला राग मी मागे घेत नाही. तो चुकीच्या पत्त्यावर गेला, एवढंच.

कार्डावरचं मिटवलेलं लगेच जात नाही, त्याच्यावर दुसरं लिहिलं गेलं की जातं. सहा आवाज पूर्ण मिळाले. चार गेले. त्या चौघांपैकी एकटे झुमाके हयात आहेत. तुर्दुबुबू आजी नाहीत, त्यामुळे त्यांचा आवाज आता कुठेच नाही. हे मऊ करून लिहिता येत नाही.

नवव्यातली चौदा मिनिटं उरली आहेत. मी ती ऐकली. आई पाचव्या पूर्वजापर्यंत येते, मध्येच थांबते आणि तुम्हाला झापते, की कळलं नसेल तर नुसती मान डोलवू नकोस, विचार. पुढे काही नाही.

नोरूझला तुम्ही मला विचारलं होतंत.

शनिवारी येते. संगणक पूर्ण पुसून नव्याने लावीन. लिहिण्याचं सॉफ्टवेअर फुकटचं पण रीतसर, बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या साइटवरून घेतलेलं असेल. अँटीव्हायरस चालू राहील. जो कोणी तो बंद करायला सांगेल, त्याचं काहीही उघडायचं नाही. सांगणारी मी असले तरी. रविवारी रेकॉर्डर घेऊन झुमाकेंकडे जाऊ. आवाजांच्या प्रती दोन ठिकाणी राहतील, एक तुमच्याकडे, एक माझ्याकडे.

आणि भाचीचा हक्क मागते आहे. मेंढरू नको. हिरव्या वहीतलं ते पान हवं. आधी फाडून ठेवू नका. मी स्वतः फाडीन.

तायजेनेंना सांगा, फौजदार जेवायला असेल.
तुमची,
अकिलाय