क्रमांक सत्तावीसचा शेरा

३ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी "बरं आहे" यापलीकडे काही बोलत नाही, ही तुझी तक्रार खरी आहे. आमच्या करारात लिहिलं आहे की कामाबद्दल फोन, मेल, मेसेज, फोटो यांतून बाहेर काही सांगायचं नाही. मी करार दोनदा वाचला. टपाल लिहायला ते विसरले आहेत. म्हणून पत्र.

हॉल मोठा आहे, खिडक्या उघडत नाहीत. प्रत्येकापुढे चित्र काढायचा स्क्रीन आणि पेन. माणूस खुर्चीतून उठतो, बाई पिशवी उचलते, अशा साध्या हालचाली मी दिवसभर काढते. पेन कुठे टेकलं, किती दाबलं, कुठली रेघ पुसली, सगळं नोंदलं जातं. संध्याकाळी माइकसमोर बसून पुसलेल्या प्रत्येक रेघेचं कारण सांगायचं. काढलेल्या रेघेपेक्षा पुसलेली त्यांना जास्त हवी असते, कारण यंत्राला चित्र काढता येतं, पण कुठे चुकलं ते कळत नाही. ते आम्ही शिकवायचं. माझ्या कामाकडे इतक्या बारकाईने आजवर कुणी पाहिलं नव्हतं. कॉलेजात चार वर्षांत तर नक्कीच नाही.

मागची रांग घरं, झाडं, रस्ते काढणाऱ्यांची होती. ती एप्रिलमध्ये रिकामी झाली. त्यांचं शिकवून संपलं. पुढची रांग आमची.

आईला यातलं काही सांगू नकोस, ती उगीच घोर लावून घेईल. धाकटीला माझी आठवण सांग. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवायची घाई नाही.

तुझी,
मोठी


२० जून

चि. मोठीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र, तेही दोन पानी. अक्काला म्हटलं, बाई, तुझ्या लेकीचं पत्र, आज सूर्य कुठून उगवला बघ. तिला पाकीट दाखवलं, आतलं नाही. वचन म्हणजे वचन.

आता एक सांगते, रागावू नकोस. कॉलेजच्या मासिक पत्रकात माजी विद्यार्थ्यांच्या बातम्या आणि नोकरीच्या संधी मीच भरते, तुला ठाऊक आहे. पण बातम्या येतात कसल्या? एकीने लग्नाचे अल्बम करायला घेतलेत. एक पठ्ठ्या मोबाइलच्या दुकानात काचा बदलतो. बाकीचे उत्तरच देत नाहीत. त्यात प्राचार्य म्हणाले, डिजिटल कलेला यंदा तीस प्रवेश झाले नाहीत तर विभाग बंद. विभागाबरोबर माझी खुर्चीही. म्हणून तुझ्या पत्रातलं एकच वाक्य घेतलं. चौकटीत, तुझ्या फोटोखाली, कंपनीच्या नावासकट: "माझ्या कामाकडे इतक्या बारकाईने आजवर कुणी पाहिलं नव्हतं." काय शोभून दिसतंय म्हणून सांगू.

कंपनीचा फोन आला तेव्हा वाटलं, आता तुझी नोकरी जाते. पण ते खूश निघाले. आणखी वीस जागा आहेत म्हणे, आणि जाहिरात सगळ्यात आधी आपल्या पत्रकाला. अर्जदाराने त्यांच्या वेबसाइटवर चौदा चित्रं काढून पाठवायची, बस्स.

आणि आपल्या धाकटीने अर्ज केलाय. कवळ्या करायच्या प्रयोगशाळेत तिला शिकाऊ म्हणून घेतलं आहे ना, ती जागा ३१ जुलैपर्यंत पक्की करायची आहे. पण ती म्हणते, ताईसारखं काम मिळत असताना मी म्हाताऱ्यांचे दात का घडवत बसू? दोघी बहिणी एका छताखाली असाल तर अक्काचाही जीव भांड्यात पडेल.

जेवणखाण वेळेवर करत जा. रागावली असलीस तर तेही दोन पानी लिही.

तुझी,
मावशी


२७ जून

ती. मावशीस,
सा. न.

त्या वाक्याच्या आधी काय होतं आणि नंतर काय होतं, ते तू वाचलं होतंस.

मी आडून लिहिलं, ही माझी चूक. आता सरळ लिहिते. यंत्राला शिकवून झालं की शिकवणारा घरी जातो. वीस जागा म्हणजे वीस जणांचं काही महिन्यांचं काम. त्यानंतर त्यांना बाहेर जे काम मिळालं असतं, तेही यंत्र करणार. दात करणाऱ्या माणसाची गरज मात्र अजून बरीच वर्षं संपत नाही. हे मी मोजून सांगते आहे, मायेने नाही.

दोन गोष्टी कर. पत्रकाच्या पुढच्या अंकात माझं पूर्ण म्हणणं छाप. आणि धाकटीला सांग की ती जागा सोडू नकोस. मी स्वतः तिला लिहायला बसले होते. चार ओळी झाल्या, चारही इथल्या हवेबद्दल. तिने चित्र काढायला घेतलं ते माझं बघून, त्यामुळे तिला "काढू नकोस" म्हणताना माझा हात चालत नाही. तुला बोलायला जमतं. तू बोल.

मोठी


८ जुलै

चि. मोठीस,
अ. आ.

बोलले. तुझं पत्रच वाचून दाखवलं. ऐकून म्हणते कशी, ताई वर चढली आणि आता शिडी ओढून घेते. मी म्हटलं, जिभेला काही हाड? तर म्हणे, मग ताई मला स्वतः का लिहीत नाही?

चौदा चित्रं पाठवून झाली तिची. नऊ दिवस जेवणाचं टेबल अडवून बसली होती. अक्काला एकाच खुर्चीतून साठ वेळा उठायला लावलं. अक्का म्हणते, माझे गुडघे डिजिटल झाले. पण खरं सांगू, पोरगी इतकी मन लावून काही करताना मी पहिल्यांदा पाहिली.

पत्रकाचं मात्र जमणार नाही. प्रवेश सव्वीस झालेत, चार राहिलेत. या वयात मला दुसरीकडे कोण खुर्ची देणार? तू मला स्वार्थी म्हण, ऐकून घेईन. पण खोटारडी म्हणू नकोस, मी एक शब्द पदरचा घातलेला नाही.

तुझी,
मावशी


२२ जुलै

ती. मावशीस,
सा. न.

खोटारडी म्हणत नाही. तू छापलंस ते माझंच होतं.

अर्जांचे चाळीस संच तपासायचं काम मला दिलं. शिकवणाऱ्यांनीच निवडावं, असं कंपनीला वाटतं. संचावर नाव नसतं, क्रमांक असतो. सत्तावीस उघडला आणि आई खुर्चीतून उठली. आधी गुडघ्यावर हात, मग टेबलाच्या कडेवर, आणि पूर्ण उभं राहण्याआधी ते जरासं थांबणं. बाकी एकोणचाळीस जणांची माणसं नुसती उठतात. हिच्या चित्रात उठायचा कंटाळा दिसतो. मला ते येत नाही. मी दोन वर्षं दुसरं काही काढत नाही, तरी येत नाही.

पास करायला नुसती खूण पुरते, त्यांतले वीस जण कंपनी घेणार. नापास करायला शेरा लिहावा लागतो. एकोणचाळीस जणांना मी पास केलं. परक्यांची जबाबदारी माझी नाही, असं स्वतःला सांगितलं. ते बरोबर होतं असं नाही.

सत्तावीसला नापास केलं. शेरा सौम्य असता तर ती जानेवारीच्या भरतीत पुन्हा अर्ज करणार. म्हणून लिहिलं: "रेघ कच्ची. शरीराची समज नाही. पुन्हा अर्ज करू नये."

निकाल २८ तारखेला जातील. हातात तीन दिवस राहतात, तेवढ्यात तिला प्रयोगशाळेत घेऊन जा. आणि हे तिला कधीही सांगू नकोस. एवढं वचन पाळलंस तर बाकी सगळं विसरेन.

मोठी


६ ऑगस्ट

ती. ताईस,
साष्टांग घालावा असं वाटत नाही, म्हणून नुसता नमस्कार.

२८ तारखेला शेरा आला. त्या दिवसापासून मी चौदा चित्रांच्या प्रती टेबलावर मांडून कच्ची रेघ शोधत होते. सापडली. शोधली की सापडतेच. पहिल्या दिवशी दोन चित्रांत होती, तिसऱ्या दिवशी सगळ्यांत. मावशीला ते बघवेना. माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, वेडे, ते तुझ्या ताईनेच लिहिलंय, तुझ्या भल्यासाठी. तिला वाटलं, हे ऐकून मला बरं वाटेल.

३१ला जागा पक्की केली. काम वाईट नाही. मेणाचे दात कोरायचे, आधी मोठे करून, मग खऱ्या मापाचे. शिकवणारे सर म्हणाले, हात चांगला आहे. मी विचारलं, कच्चा नाही ना? त्यांनी पुढचा दात हातात दिला.

घरी पेन घेऊन बसते, पण काही होत नाही. पूर्वी काढून पुसायचे. आता काढायच्या आधीच पुसलेलं असतं.

तू नोकरी दिली नाहीस याचा राग नाही. तू मला एक पान लिहायचं होतंस: येऊ नकोस, कारण हे असं आहे. मी कदाचित ऐकलं नसतं. पण मग तो मूर्खपणा माझा स्वतःचा झाला असता. चाळीस अनोळखी संच तू बारकाईने पाहिलेस. मला विचारायला तुला वेळ झाला नाही. आणि खरं सांग, "शरीराची समज नाही" लिहिताना तुला जरासुद्धा बरं वाटलं नव्हतं? आईचं ते उठणं तुला येत नाही, असं तूच मावशीला लिहिलंयस. तिने तेही वाचून दाखवलं.

आई विचारते तेव्हा मी सांगते, ताई बरी आहे.

लोभाचं पुढे बघू.

धाकटी


१९ ऑगस्ट

चि. धाकटीस,
आशीर्वाद, चालत असेल तर.

रेघ कच्ची नव्हती. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचायचं की नाही हे तू ठरवशील.

जरासुद्धा बरं वाटलं नव्हतं का, असं तू विचारलंस. दोन दिवस विचार केला. थोडंसं वाटलं होतं. शेऱ्यातली दोन वाक्यं तुला वाचवायला पुरेशी होती. "शरीराची समज नाही" हे तिसरं कशासाठी होतं, ते मला नीट सांगता येत नाही.

काल आमच्या रांगेचं काम संपलं. ओळखपत्र परत देताना मी आमच्या वरिष्ठ बाईंना विचारलं, नवे वीस जण कधी येणार? त्या म्हणाल्या, कुणी येणार नाही. जागा नव्हत्याच. चाळीस जणांनी कंपनीच्या वेबसाइटवर चित्रं काढली, पुसली, पुन्हा काढली. त्यांना हवं होतं ते एवढंच, आणि ते आलं त्याच दिवशी यंत्राला दिलं गेलं. सत्तावीसही. मी ते काढून घेता येईल का विचारलं. येत नाही. तपासणी नंतर ठेवली, कारण तपासणाऱ्यांचे शेरेही त्यांना हवे होते. हे सगळं त्यांनी अगदी मोकळेपणाने सांगितलं. मला हे आधीच माहीत असेल, असं त्या धरून चालल्या होत्या.

मग मी निकालाची पत्रं दाखवायला सांगितली. मी पास केलेल्या एकोणचाळीस जणांना २८ जुलैला एकच ओळ गेली आहे: "सर्व जागा भरल्या आहेत. शुभेच्छा." म्हणजे मी तुलाही नुसती खूण केली असती, तर तीच ओळ त्याच दिवशी तुला आली असती. तू कंपनीला चार शिव्या हासडल्या असत्यास, ३१ला जागा पक्की केली असतीस, आणि संध्याकाळी टेबल अडवून चित्र काढत बसली असतीस.

मी शनिवारी घरी येते आहे. न्यायला कुणी येऊ नये, सामान थोडं आहे.

रेघ कच्ची आहे, असं त्या चाळीस जणांत एकीलाच कळवलं गेलं. आणि ते कंपनीने कळवलेलं नाही.

तुझी,
ताई