खिडकीचं गाणं, जिन्याचं गाणं

प्रिय भुंगू,

हे पत्र तू पहिल्याच ओळीला फाडणार नाहीस, हा भरवसा मला तुझ्या कुतूहलाचा आहे, माझ्या पुण्याईचा नाही. सहा महिने झाले, आपण एक शब्द बोललेलो नाही. तुझा फोन आला की तुझी आई तो घेऊन स्वयंपाकघरात जाते आणि दार लोटून घेते. मी बाहेर वर्तमानपत्र उलटं धरून बसतो, असं ती म्हणते. उलटं धरत नाही. पण वाचतही नाही, हे खरं. मंगळवारी मात्र ती दार उघडून बाहेर आली आणि कोरड्या आवाजात म्हणाली, भुंगू आपलं जिन्याचं गाणं संग्रहातून काढून टाकतेय, महिनाअखेरीला रेकॉर्ड कंपनीला तसं कळवणार आहे, झालं का तुमचं समाधान? भुंगू, समाधान झालं नाही. पाकिटात एक कॅसेट आहे. ती ऐकायला कुठून तरी यंत्र मिळव, पण आधी पत्र पूर्ण वाच. आणि महिनाअखेरीपर्यंत कंपनीला काही कळवू नकोस.

आधी गुन्हा कबूल करतो. वाचनालयाच्या सभागृहात माझं व्याख्यान होतं, 'नवनिर्मिती आणि नक्कल'. चाळीस मिनिटं ठीक गेली. मग मागच्या रांगेत दोघं-तिघं पेंगायला लागलेले दिसले आणि मी घरातलं उदाहरण बाहेर काढलं. म्हणालो, माझ्या मुलीचं खिडकीचं गाणं गाजलं, न्हाव्याच्या दुकानापासून दातांच्या दवाखान्यापर्यंत सगळीकडे वाजलं, आणि वर्षाच्या आत तिनं जिन्याचं गाणं आणलं. ठेका तोच, चाल तीच. बाई खिडकीतून उठून जिन्यावर येऊन बसली, एवढाच काय तो बदल! वर पहिल्या कडव्याला शब्दच नाहीत, नुसतं गुणगुणणं. नक्कल करणाऱ्याला शब्द शोधायचीही उसंत नसते, मित्रहो! सभागृह खो-खो हसलं. पेंगणारे जागे झाले. आपण घरच्यांनाही सोडत नाही, याचा त्या क्षणी मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! कोणीतरी ती चार मिनिटं फोनवर टिपली आणि आठवडाभरात घराघरांत पोचवली. तुझा एका शब्दाचा निरोप आला: ऐकलं. त्यानंतर काही नाही.

मी लगेच माफी मागितली नाही, कारण मला माझंच बरोबर वाटत होतं. तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. माफी मागण्याऐवजी मी पुरावा गोळा करायला बसलो. एक नवी वही आणली, रोज सकाळी चहा झाला की घड्याळ समोर ठेवून दोन्ही गाणी ऐकायला लागलो. अमुक सेकंदाला ढोल, तमुक सेकंदाला थांबा. तिसऱ्या आठवड्यात माझी वही साक्षीदारासारखी उलटली. सारखेपणा मोजून संपला आणि एक भलताच प्रश्न उरला: माणूस मुळात असं करतो का? एकाच टेकडीची तीस चित्रं काढणारा चित्रकार आपल्याला ध्यासवेडा वाटतो, आणि एका चालीची दोन गाणी करणारी मुलगी आळशी वाटते, ती कुठल्या न्यायानं? पुस्तकं उलथीपालथी केली, उत्तर सापडेना. न्हाव्याला विचारलं. तो कात्री न थांबवता म्हणाला, सर, गेली सतरा वर्षं तुम्ही या खुर्चीत बसता आणि सांगता, नेहमीसारखे काप. एकदा तरी दुसरं काही सांगितलंत? मग पोरगी नेहमीसारखं गायली तर तुमच्या पोटात का दुखतं?

घरी येऊन हे मोठ्या तोऱ्यात तुझ्या आईला सांगितलं. ती भांडी पुसत होती. तिनं माझ्याकडे न बघता माझ्या दिव्याच्या भाषणाचा शेवट म्हणून दाखवला, ज्या भाषणानं मला नाव दिलं त्याचा. माझ्याच आवाजात, जिथे मी श्वास घेतो तिथे श्वास घेऊन, मधल्या खोकल्यासकट. मग झारा पुसता पुसता होडीच्या भाषणाचा शेवट म्हटला, जे मी पुढच्या वर्षी केलं आणि जे मला आजवर अगदी नवं वाटत होतं. दिवा विझला आणि होडी निघाली, म्हणाली, बाकी सगळं तेच, टाळ्यासुद्धा त्याच जागी. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आवाजांना कान लावून बसलेल्या बाईशी वाद घालू नये. एकदा ऐकलेलं ती विसरत नाही. हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आता माझं कुतूहल पेटलं. खालच्या मजल्यावर ज्या पियानो शिकवतात त्या बाईंकडे वही घेऊन गेलो. त्यांनी दोन्ही गाणी तीनतीनदा वाजवली, मला एक शब्दही बोलू दिला नाही, आणि शेवटी विचारलं, सर, यातलं आधीचं कोणतं? मी म्हणालो, अर्थात खिडकीचं, अख्ख्या जगाला माहीत आहे. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, खिडकीच्या गाण्यात सुरुवातीला चाल एकदम उडी मारते, जणू खालच्या दोन पायऱ्या कोणी काढून घेतल्यात. कानाला गंमत वाटते, कदाचित म्हणूनच ते गाजलं. पण जिन्याच्या गाण्यात तिथे ते गुणगुणणं आहे आणि चाल पायरीपायरीनं वर जाते. कोटाचं जाकीट केलं असेल तर शिवण सांगते हो. इथे शिवण खिडकीच्या गाण्याला आहे. मी हसण्यावारी नेलं. जिना चढून घरी आलो तेव्हा हसू आलं तसं गेलं होतं.

त्याच सुमारास वाचनालयानं माझी जुनी भाषणं जपून ठेवायची म्हणून मागवली. तुला ते दिवस आठवतात ना, मी प्रत्येक भाषण आधी बंद खोलीत टेपरेकॉर्डरपुढे म्हणायचो आणि मग ऐकून दुरुस्त करायचो. त्या कॅसेटांचा बुटांचा खोका मी दुरुस्तीवाल्याकडे दिला. त्याच्या दुकानात जिकडेतिकडे उघडे रेडिओ, आणि तो मधे नाकावर भिंग लावून बसलेला. चार दिवसांनी त्याचा फोन आला. सर, सात नंबरच्या कॅसेटवर तुमचं भाषण संपतं, मग एक मिनिटभर एक लहान मुलगी गाते. ते ठेवू की उडवू?

मी तसाच चपला अडकवून गेलो. त्यानं कॅसेट लावली. आधी मी होतो, एकोणतीस मिनिटं. विषय सांगतो, हसू नकोस: सामान्य माणसाचा आवाज दडपणाऱ्यांनो, सावधान! मग खट्ट असा आवाज, आणि तू. तेरा वर्षांची, नाक चोंदलेली, जिन्यात घुमणारा आवाज. जिन्याच्या गाण्याचं शेवटचं कडवं, शब्दन् शब्द तोच, गेल्या वर्षी सगळ्यांनी ऐकला तो. शेवटी कोणीतरी हसतं आणि टाळी वाजवतं. ते हसू मी ओळखलं. दुरुस्तीवाल्यानं मला स्टूल दिलं आणि न विचारता पाणी दिलं.

कॅसेटच्या वरच्या कडेला प्लास्टिकचे दोन बारीक टवके असतात. ते मोडले की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. जपायच्या कॅसेटचे ते मोडून ठेवायचे. या कॅसेटचे मोडलेले होते. आणि त्या भोकांवर चिकटपट्टी लावलेली होती, कारण पट्टी लावली की यंत्र फसतं आणि पुन्हा भरता येतं. ही युक्ती आपल्या घरात एकाच माणसाला माहीत होती. माझ्या अक्षरातली चिठ्ठी मी नखानं सोलली, तर खाली तुझ्या अक्षरात, दोनदा गिरवून: आई आणि मी. पुसू नये. भुंगू, मला खरंच आठवत नाही. ते वाचून वर चिठ्ठी डकवली, की न वाचता, हे मी स्वतःला रोज विचारतो. भाषण दुसऱ्या दिवशी होतं आणि कोरी कॅसेट घरात नव्हती, एवढं मात्र अगदी स्पष्ट आठवतं. आणि तू दोन दिवस जेवली नाहीस तेव्हा मी परीक्षेचं दडपण म्हणालो होतो, तेही आठवतं.

घरी आलो, कॅसेट तुझ्या आईसमोर ठेवली. ती मटार सोलत होती. सोलतच राहिली. मग तिनं सांगितलं. एक्स्चेंजमधली पाळी संपवून ती घरी यायची तेव्हा तू वरच्या पायरीवर वाट बघत बसायचीस. ती खालून एकेक पायरी चढत पहिलं कडवं म्हणायची, तू वरून दुसरं म्हणायचीस, तिसरं दोघी मिळून, आणि शेवटचं तू एकटी दारात. शेजारी वैतागायचे. मी घरात असायचो, दार लावून, जगाला जागं करायच्या तयारीत. मी विचारलं, मग तेव्हा मला बोलली का नाहीस? तिनं एक रिकामी शेंग माझ्या हातात दिली आणि म्हणाली, तुम्ही तेव्हा बोलत होतात.

म्हणजे ते गुणगुणणं आळस नव्हता. ती आईची जागा होती आणि तू ती मोकळी ठेवली होतीस. आधी तुला वाटलं असणार, या जागेशिवाय गाणं उभं राहतं का बघू, म्हणून पहिलं कडवं कापून तू खिडकीचं गाणं केलंस. ते गाजलं. मग कंपनीवाले म्हणाले, तसंच अजून एक दे. इतर गायकांना असं म्हणतात तेव्हा ते मागच्या गाण्याची नक्कल करत असतील, मला माहीत नाही, आता मी त्यांच्याबद्दलही छातीठोक बोलणार नाही. तू मात्र 'तसंच' म्हणणाऱ्यांच्या हातावर मूळ गाणंच ठेवलंस. आणि मी भर सभेत त्याला नक्कल म्हणालो. तुला एका वाक्यात मला खोटं पाडता आलं असतं. पण हे गाणं आधीचं आहे म्हटलं असतंस तर लोकांनी पुरावा मागितला असता, आणि पुरावा कोणी पुसला हेही सांगावं लागलं असतं. तू गप्प राहिलीस. मी आयुष्यभर बोलून जे मिळवलं, ते तू गप्प राहून राखलंस.

आता हे पत्र खरं कशासाठी, ते सांगतो. माफी मागायला तर आहेच. पुढच्या महिन्यात त्याच सभागृहात मला पुन्हा बोलावलंय. तू हो म्हणालीस तर पहिली चार मिनिटं कोणतं गाणं आधीचं आणि ते कोणी पुसलं, एवढंच सांगेन, नाही म्हणालीस तर तोंड उघडणार नाही. पण पत्राचं कारण हेही नाही. त्या दिवशी मटार संपल्यावर तुझी आई म्हणाली, मी त्या पोरीशी खोटं बोलले होते. कॅसेट पुसली म्हणून तू रडत होतीस, माझ्याशी भांडायला निघाली होतीस, आणि घरात वाद नको म्हणून तिनं तुला सांगितलं, जाऊ दे गं, मलाही आता ते शब्द आठवत नाहीत. तू ते खरं मानलंस आणि पुन्हा कधी विचारलं नाहीस. एकदा ऐकलेलं जी विसरत नाही ती! भुंगू, तिला पहिलं कडवं पाठ आहे. पूर्ण. मी म्हणालो, सांग, मी लिहून पाठवतो. तर म्हणाली, तुम्हाला सांगितलं तर तुम्ही त्यावर भाषण कराल, तिला येऊन घेऊ दे. तेव्हापासून रोज सकाळी ती जिन्यात जाऊन हळू आवाजात म्हणून बघते, मधे दम लागतो म्हणून तिसऱ्या पायरीवर थांबते. तिचा सूर लागायच्या आत मी पिशवी घेऊन खाली रस्त्यावर निघून जातो. मी अजून एक शब्दही ऐकलेला नाही. तो तुझ्याआधी माझ्या कानावर पडू नये, एवढं तरी मला जमतंय. तेव्हा गाणं काढू नकोस. रविवारी ये, वरच्या पायरीवर बस. ती खालून येईल. मी घरातच असेन, पण या वेळी दार उघडं ठेवून.

तुझाच,
तोंड मिटायला शिकत असलेला
बाबा