देव फक्त बघतो

नेकारसुल्म, जर्मनी,
९ नोव्हेंबर २०२४

चि. सुधास,
दादाचे अनेक आशीर्वाद.

लिहायला फार उशीर झाला, रागावू नकोस. दसऱ्याच्या सुमारास तुझा निरोप आला, ‘कौल लावला, बाकी मग बोलू.’ तेव्हापासून कागद घेऊन बसतो आणि पुन्हा ठेवून देतो. फोनवर विचारावं तर कपिल शेजारी असतो. कौलाचं नाव काढलं की म्हणतो, “बाबा, सर्जन रिपोर्ट बघतात, फुलं नाही.” त्याच्या कारखान्यातला मयुरेश चिपळूणला येतोय, त्याच्या हाती हे पत्र देतो. पोरगा विसराळू आहे. पत्र सामानात नको, खिशात ठेव, असं बजावलंय.

माझं बरं आहे. जिना चढताना थांबतो, एवढंच. हृदयाची झडप बदलायची की आहे तसं चालू द्यायचं, हे डॉक्टरांनी माझ्यावर सोडलंय. या वयात धोका दोन्हीकडे आहे म्हणतात. म्हणून तर तुला गुरवाकडे पाठवलं. इथे थंडी पडली. सूनबाई देवश्री काळजी घेते. कचऱ्याचे चार डबे आहेत, माझ्या हातून रोज काहीतरी चुकीच्या डब्यात जातं आणि मग मला झोप लागत नाही.

अन्वी शाळेत जुनी ग्रीक भाषा शिकते. परवा मला त्यांच्या लढाईच्या महाकाव्यातला धडा सांगत होती. दोन वीर समोरासमोर आले, की सगळ्यांत मोठा देव सोन्याचा तराजू धरतो. दोघांचं मरण दोन पारड्यांत. ज्याचं खाली गेलं, तो संपला.

मी म्हटलं, “एवढा मोठा देव, त्याला तराजू कशाला? स्वतःच ठरवावं की.”

“नाइन, नाही, आजोबा. तो ठरवत नाही. फक्त बघतो. ते शिक्झाल आहे.” म्हणजे नशीब.

“म्हणजे आपल्या गुरवासारखा?”

“गुरव कोण?”

मग मी तिला सांगितलं. गुरव देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मग तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, “पण आजोबा, तुमची देवी पण फक्त बघत असेल तर?”

सातवी शिकलेला माणूस मी. तिलाच विचारलं, “मग त्या देवांचा उपयोग काय?”

“ते येतात ना. लढाईत आपल्या माणसाच्या मागे उभे राहतात. फक्त त्यालाच दिसतात.”

सुधा, उजवी पडली असती तर तू त्याच दिवशी फोन केला असतास. लहानपणापासून तुझ्या पोटात चांगली बातमी राहत नाही. हे मला दसऱ्यालाच कळलं होतं. विचारलं नाही, म्हणजे ते खरं होणार नाही असं वाटत होतं.

आणि मंगळवारी मी हॉस्पिटलमध्ये ऑपरेशनला होकार देऊन आलो. तुझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. आयुष्यात पहिल्यांदा देवीला डावलून काही केलं. कपिलला कौतुक वाटलं. सव्वीस तारखेला सकाळी आत नेणार आहेत.

तू एकदा देवळात जाऊन ये. पुन्हा कौल लावू नकोस. देवीला एवढंच सांग, की विष्णू थांबला नाही, पण रुसलेलाही नाही. त्या दिवशी तिने नुसतं माझ्या मागे येऊन उभं राहावं. इतक्या लांब येता येत असेल तर.

आणि कळी कुठली पडली तेही सांग. त्या तराजूवाल्या देवाने डोळे मिटले नव्हते, मीही मिटणार नाही. दुपारी मी घरी एकटा असतो. सव्वीसच्या आत फोन कर, सुधा. लवकर कर.

तुझा,
विष्णूदादा